विहिणीची भाषा

गिरणीच्या उधारीच्या वहीत, मागच्या पानापासून उलटी,
मी थाई लिहितो.
पुढून लोकांचं देणं, मागून माझं.
कुठंतरी मध्ये गाठ पडंल,
तवर वही पुरवायची.

सून रायोंगहून फोनवर शिकवते. नोक तिचं नाव, म्हणजे पाखरू.
पहिला धडा नमस्काराचा. सवात्दी खा.
काय खाऊ, म्हटलं.
तिकडं पोरगी हसत सुटली, तिच्यामागं आमचा रणधीर.
खा म्हणजे काही नाही, आई.
बाईनं बोलताना शेवटी लावायचं.
बाप्यानं लावायचं ख्राप.

बाई गं, म्हटलं,
आमच्या मंगळवार पेठेत बायका येतो म्हणतात, जातो म्हणतात,
बावन्न वर्षं मी स्वतःला तो म्हणत आलो,
कुणी अडवलं नाही.
ख्राप चालंल का?

नाही चालणार.

मग पानभर खा लिहून काढलं.

खोप खुन खा म्हणजे आभार.
खोप, खून आणि खा,
तीन शब्दांत अख्खा तालुका कोर्टात.
नाम म्हणजे पाणी, हे मात्र पटलं.
उन्हातनं आलेल्या माणसाला
आपण तरी आधी नाव कुठं विचारतो?

अडलं ते सुरांवर.
मा सरळ म्हटलं तर ये.
मा वर ताणलं तर घोडा.
खालनं वर नेलं तर कुत्रं.
नोक म्हणाली, आई, अवघड असतं हे,
इथं इंजिनियर लोक रडतात.
मी म्हटलं, पोरी, तू जात्याजवळ बसली नाहीस.
ज्वारी जाडी पडली की दगड घुमतो,
गहू ओला असला की कुरकुरतो,
आणि वर दाणे संपत आले
की खालनं वर, खालनं वर चढत जातो त्याचा आवाज.
पाठ करून असतो मी, तेवढ्यावर हात जातो खटक्याला.
कुत्रं म्हणजे दाणे संपलेलं जातं.
असं लिहून ठेवलं वहीत, पाटलांच्या बाकीच्या पाठीमागं.

सोमवारी विहीणबाईंचा फोन.
सोमजाई.
नाव ऐकूनच हात जोडले मी,
आमच्या माहेरच्या वाटेवर देवी आहे याच नावाची.
त्यांना माझं शालन म्हणता येईना.
चालान, म्हणाल्या.
म्हटलं असू दे, पावती फाडा.

पंधरा दिवस घोकलेलं एक वाक्य होतं माझ्याकडं,
कोल्हापूरला या.
नेमकी तांबोळ्यांची नसीम ज्वारी टाकून गेलेली,
पट्टा चालू, आणि वरचे दाणे संपत आलेले.
मी तोंड उघडलं
आणि जीभ गेली की दगडाच्या मागं,
खालनं वर.

कुत्रं कोल्हापूर ना खा, म्हणालो मी विहिणीला.

जरा वेळ पडद्यावर नुसतं तिकडचं छत.
मग त्या पुढं आल्या, डोळे पुसत,
आणि भुंकल्या.
हाँग, हाँग, असं करतं म्हणे त्यांच्याकडचं.
मी म्हटलं आमचं भू भू.
त्यांनी करून बघितलं. मीही त्यांचं केलं.
विहिणींनी एकमेकींवर भुंकायचं हे काय नवीन नाही,
पण आमच्या लग्नात रुसवा राहून गेला होता,
लग्न तिकडंच झालं, फोटोत.
तो असा निघाला.

दगड मोकळा फिरत होता. चटका बसला असणार पाळीला,
उद्या टाकी लावावी लागंल.

शेवटी त्यांनी विचारलं, किन खाव रू यांग?
हे मला शिकवायची गरज नव्हती.
दुपारी कोणत्याही दारातनं हेच विचारतात,
जेवलासा काय.
यांग खा, म्हणालो. अजून नाही.
त्या काहीतरी लांबलचक बोलल्या.
शब्द एक कळला नाही, रागावलेल्या कळलं.

नसीम डबा न्यायला आली.
मावशे, झालं का?
दाय खा, म्हटलं मी.

काय खाऊ, म्हणाली.