गरम पाण्याची लाईन

प्लास्टरच्या आधी सांगा, म्हणाला जब्बार प्लंबर,
नंतर भिंत फोडायची म्हणजे
मेरा भी जी तुटता, भाभी.
कानामागं पेन्सिल, तोंडात अर्धी सुपारी,
विटांवर खडूनं ओढलेली एक रेघ,
पुढं कुठं जायचं ते न ठरलेली.

वसमत रोडच्या त्या प्लॉटवर
आठ दिवस हाच विषय.

दिगंबर म्हणाले, सोलर. एकदा पैसे गेले की गेले,
ऊन काय, आपल्याकडं फुकट पडलेलंय.
दीर म्हणाले, बोअरचं पाणी बघितलं का?
नळ्यांत क्षार बसतो, तीन वर्षांत
चुनाभट्टी होते गच्चीची. गिझर घ्या.
आणि लाईट?
लाईट जाते पहाटे पाचला, अंघोळीच्याच टायमाला,
जसं काही तिलाच लाज वाटते.
मग गॅसचा. नको बाई,
जिंतूरच्या साडूंनी बाथरूमची खिडकी लावून घेतली होती,
दार तोडून काढलं त्यांना. वाचले,
पण अजून अंघोळीला गेले की
आतून हाक देत राहतात: आहे मी, आहे.

कामून पैसे घालवता, सासूबाई म्हणाल्या,
माळ्यावर बंब आहे की. तांब्याचा.
चिंचेनं घासला की बघा.

बंबाचं नाव निघालं
आणि मी वाळूच्या ढिगावर बसले.

नऊ माणसांचं भाड्याचं घर होतं ते.
नियम असा: एक बादली गरम काढायची,
एक बादली गार ओतायची.
सासरे, दीर, पोरं, कुणाची शाळा, कुणाची कोर्टात तारीख,
पाहुणा असला तर पाहुणा,
आणि प्रत्येकाची गार बादली
माझ्या पाण्यात.
माझी पाळी येईस्तोवर निखाऱ्यांची राख,
पाणी कोमट म्हणावं इतकंही नाही,
धुराचा वास मात्र पुरता.
परभणीचा डिसेंबर. विद्यापीठाचा आकडा पेपरात यायचा,
पाच पूर्णांक चार.
मला तो पेपराआधी कळायचा.

सोलरपासून नळापर्यंत पाईप किती? मी विचारलं.
अडतीस फूट.
म्हणजे रोज आधी गार पाणीच येणार?
अर्धी-पाऊण बादली, जाने देने का.
जाने देने का! आठव्या दिवशी नळ येतो आमच्या नगरात,
टँकरवाल्याचा नंबर मला
नवऱ्याच्या नंबराइतका पाठ आहे.
टाकी इकडं घ्या, बाथरूमच्या डोक्यावर, मी म्हणाले,
आणि पहिलं पाणी धरून ठेवायचं,
भांड्यांना.

भांड्यांना म्हणाले आणि तिथंच अडले.
जब्बार खडू घेऊन उभा.
नकाशात स्वयंपाकघराला एकच नळ होता, गार.
इंजिनिअरनं काढला, सगळ्यांनी पाहिला,
सही करताना मीसुद्धा.
सव्वीस वर्षं पहाटे
रात्रीच्या तेलकट कढया ज्या पाण्यात घासल्या,
त्याच्याबद्दल आठ दिवसांत
चकार शब्द कुणी काढला नव्हता. मीही.

इथं एक गरम लाईन.
चार हजार वाढतील, दिगंबर म्हणाले.
वाढू द्या.
ते काही बोलणार होते, माझ्या हातांकडं बघून
वाळूतला खिळा उचलून खिशात टाकला.
जब्बारनं सुपारी थुंकली
आणि रेघ पुढं ओढली,
दारावरून, वळसा घेऊन, थेट मोरीपर्यंत.

आता सोलर आहे. क्षार बसेल तेव्हा बसेल.
पहिल्याच थंडीत दोन दिवस आभाळ आलं,
दीर फोनवर पोटभर हसले.
बंब घासून व्हरांड्यात ठेवलाय,
सासूबाई येता-जाता त्याला हात लावून बघतात,
तापलाय का.

परवा ऊन चांगलं पडलं होतं.
काल पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठले,
बादली भरली, आरसा वाफेनं गेला,
नळ बंद केला
आणि कितीतरी वेळ हात चाचपत राहिला
परत ओतायला
एक बादली गार पाणी.