खोडरबर

तार्तूत मार्च, खिडकीशी अजून बर्फ.
लग्नाच्या पहिल्या वाढदिवसासाठी
तानेलनं वहीत रकाने आखले:
सात दिवस, पाच शहरं,
पहाटे सहा-चाळीसची गाडी,
दोन किल्ले, एक बेट,
जेवायला पाऊण तास.

हेल्वेनं पेन्सिल उलटी धरली.
आधी बेट पुसलं.
मग दुसरा किल्ला.
मग पहिलाही.

"अगं, एवढ्या लांब जाऊन..."
"वर्षभर एका घरात राहून
कॉफीचा शेवटचा घोट तू कुंडीत ओततोस
हे मला काल कळलं."

रबराचा भुसा तिनं तळहातानं झाडला.
उरलं पोर्तो,
नदीकडे उघडणारी खोली,
आणि बुधवारपुढे कोरी ओळ.

तिथं त्यानं कप टेकवला.
गोल डाग उमटला,
तो काही पुसला जाईना.