तेवढंच

परळच्या या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
दिवस आम्ही टायमरने उगवतो.
सात ते सात उजेड. बाकी काळोख, तोही मोजलेला.

मॉर्फिनच्या कपाटाला दोन कुलपं.
एक किल्ली माझ्याकडे, एक पाध्ये बाईंच्या गळ्यात.
थेंब सांडला तरी वहीत दोन सह्या.

पहिल्या दिवशी चौदा नंबर,
पाठीवर पिक्रिकची पिवळी रेघ,
शेपटीखाली तापता दिवा धरला तरी हलला नाही,
पंगतीत जेवून सुस्तावलेल्या व्याह्यासारखा.
दहा सेकंदांना मीच दिवा विझवला;
त्यापुढे कातडी भाजते.
चौथ्या दिवशी सहा. आठव्या दिवशी तीन,
जणू कधी काही टोचलंच नव्हतं.
औषध तेवढंच. सुई तशीच. हात माझा.

पेशी हुशार असते, असं लिहून मी खोडलं.
हुशार नव्हे, हट्टी.
मेंदूच्या देठाशी एक ठिपका आहे,
लॅटिनमध्ये त्याला निळी जागा म्हणतात.
(उंदरात ती निळी दिसतही नाही. नाव मात्र राहिलं.)
मॉर्फिन येतं आणि तिच्या ओठांवर बोट ठेवतं.
ती गप्प होते, पण आतल्या आत घसा साफ करत राहते:
विकरं वाढवते, निरोपे वाढवते,
दारावरच्या कड्या काढून आत लपवते.
रोज बोट, रोज थोडा जास्त जोर,
आणि एके दिवशी फिटंफाट.
त्या फिटंफाटीलाच ती
बरं आहे म्हणू लागते.

मग बोट काढून घ्यायचं.

नॅलॉक्सोन. काचेची उंच बरणी. वीस मिनिटं.
नऊ नंबर: एकेचाळीस उड्या,
भिजल्या कुत्र्यासारखं अंग झाडणं, सतरा वेळा.
दात वाजणं मोजता येत नाही,
तिथे फक्त हो लिहायचं.

चौदाला आम्ही चढवत नेलं.
तिसऱ्या आठवड्यात तो एवढा डोस पचवत होता
की नवखा त्यात आडवा झाला असता.
मेमध्ये एसी बिघडला. सहा पिंजरे
दुसऱ्या मजल्यावर हलवले,
नव्या ऑइलपेंटच्या वासात.
डोस तेवढाच. चाळीस मिनिटांत
त्याचे गुलाबी पंजे जांभळे झाले,
श्वासांमधलं अंतर वाढत गेलं,
आणि मी घड्याळ बघत राहिले, कारण माझं काम ते होतं.

वर, जुन्या खोलीत, दाराची बिजागरी करकरते.
ती करकरली, तुसाचा वास आला,
की त्याचं शरीर पदर खोचून तयार व्हायचं.
इथे कुणी सांगितलंच नाही त्याला
की येतंय.

रवळू परुळेकर पिंजरे धुतो. सव्वीस वर्षं.
पाइप तसाच वाहता ठेवून त्याने विचारलं,
डोस चुकलो काय?
नाही, म्हटलं. खोली बदलली.
मी समजावलं, जमेल तसं.

खूप वेळाने तो म्हणाला,
आमचो भिवा.
शिवडीत टाकीमागे बसून गर्द ओढायचा, सहा वर्षं,
तीच टाकी, तीच भिंत, तोच पत्र्याचा आडोसा.
मेला विरारला, मावसभावाच्या नव्या फ्लॅटात,
बाथरूममध्ये, फरशीवरचा कागदही निघाला नव्हता.
रोज तेवढाच घेय होतो, बाई.
मी त्या विकणाऱ्याला मारायला गेलो होतो.
त्याच्या भेसळीनं गेला म्हणून. अकरा वर्षं
शिव्या घालतो त्याला.

पाणी मोरीत जात होतं.
मी पाइप बंद केला नाही, त्यानेही नाही.

वहीत कारण असा एक रकाना आहे.
मी लिहिलं: नवी जागा.
पाध्ये बाईंनी ते खोडून
श्वसनरोध केलं. बरोबरच आहे.
दोन सह्या झाल्या.

एसी दुरुस्त झाल्यावर उरलेले पाच
रवळूनेच वर आणले, एकेक, छातीशी धरून.
बिजागरीला तेल घालू नको
असं त्याला सांगायला मी वळले.
तेलाची बुधली त्याने आधीच
फडताळात, सगळ्यात वर,
हात पोचणार नाही अशी ठेवली होती.