नऊ पावलं

दोह्यात मी आधी कागदावर उतरलो,
मग जमिनीखाली.
आठ वर्षं स्क्रीनवर फलाट आखले.
तांबडी मार्गिका डावीकडे, हिरवी उजवीकडे,
मध्ये फलाट एकच, दोघींचा,
एका ओट्याशी दोन जावा उभ्या राहाव्यात तसा.

हिशामसाहेबांना घुमट हवा होता.
म्हणाले, प्रवाशानं वर यावं,
एकदा तरी मान उंचावून बघावं,
मग सरकत्या जिन्यानं उतरावं दुसऱ्या गाडीला.
जाता जाता चार दुकानंही लागतील.
मी म्हटलं, साहेब,
माणूस घरी चाललाय.
कुणी हसलं नाही.
करकचे कागदी कप तेवढे
टेबलावर सरकले.

त्या रात्री पार्किंगमध्ये खडूनं दोन रेघा ओढल्या
आणि चालून बघितलं.
या दारापासून त्या दारापर्यंत नऊ पावलं.
घुमटाच्या वाटेनं एकशे बारा,
वर दोन जिने,
वर पोचून भलतीकडे वळणं आलंच.
पहारेकरी बहादूर विचारत होता,
काय हरवलंय?

घुमट पुढच्या स्टेशनाला मिळाला. छान दिसतो.
लोक फोटो काढतात, मग बाण शोधतात.
आमच्या स्टेशनाचा फोटो कुणी काढत नाही.
इथे तांबडीतून उतरलेला माणूस
मोबाइलवरची नजरही न काढता
हिरवीत जाऊन बसतो.
त्याला कळतही नाही आपण गाडी बदलली.
मला त्याच्या खांद्यावर थाप मारावीशी वाटते.
मारत नाही. परका देश आहे.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहिली.
फलाट मी जाणाऱ्यांसाठी आखला.
उलट येणाऱ्याची तांबडी
एक मजला खाली गेली,
आणि ते कळेपर्यंत काँक्रीट ओतून झालं होतं.
तो उलट येणारा आता मीच.

खोलीची किल्ली एकच आहे.
दुसरीचे मालक पन्नास रियाल मागतो,
आणि हेमांगी म्हणते, कशाला,
रोज भेटतोच की.
सात चौदाला ती घरून तांबडीतून येते,
रात्रपाळीला, पांढऱ्या बुटांत.
त्याच मिनिटाला माझी हिरवी लागते.
मी ज्या दारातून उतरतो
त्याच दारातून ती चढते.
तेवढ्यात किल्ली, तिच्या तळव्याची ऊब धरलेली,
आणि "आमटी गरम करून घे,
नाहीतर तशीच खाशील."
संसारातलं आमचं बोलणं
आठवड्याचे सहा दिवस एवढंच.

गाडी सत्तावीस सेकंद थांबते.
तो आकडा माझा नव्हे, दुसऱ्या विभागाचा.
पण नऊ पावलं माझी,
चौतिसाव्या वर्षीच्या माझ्या पायांची,
रिकाम्या हातांची,
रात्री दोन वाजता, रिकाम्या पार्किंगमधली.
हेमांगीची अकरा व्हायची.
चैत्रात बारा झाली.
आता सातवा महिना आहे, चौदा होतात,
त्यात मध्येच ती खांबाला हात लावते.
तो खांबही मीच आखलाय.
उगाच बरं वाटतं.

काल तांबडी जरा उशिरा लागली.
ती उतरली तेव्हा
माझ्यामागची दारं शिट्टी देऊ लागली होती.
गाडीला चालक नाही.
थांब, म्हणायचं तरी कुणाला?
मी पाठीवरची सॅक काढून दारात धरली.
दार आलं, सॅकला लागलं, मागे गेलं.
पुन्हा आलं.
आधी अरबीत बजावलं, मग इंग्रजीत.
डब्यातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मराठीत कुणी ओरडलं नाही,
म्हणून मी ऐकलंच नाही.

ती आली. धावली नाही.
बारा, तेरा, खांब, चौदा.
"लोक काय म्हणतील," एवढंच म्हणाली
आणि किल्ली माझ्या खिशात टाकली.

आमटीचं सांगायचं राहिलं.
मी एक मजला उतरलो.
छत्तीस पायऱ्या. सरकता जिना बंद होता.