मानस

आमच्या जुव्यात मानस म्हणजे मन नव्हे.
बांधाच्या पोटातलं लाकडी दार.
भरती आली की पाणीच ते ढकलून लावतं,
ओहोटी लागली की पाणीच उघडतं.
राखणदाराने फक्त शेवाळ खरवडायचं,
बिजागऱ्यांना तेल घालायचं
आणि मध्ये काही अडकू द्यायचं नाही.

सव्वीस वर्षं हे करतो आहे.
पहाटेची घंटा, पेज, मिठातली कैरी, मग बांध.
वाटेवर चुन्याचा क्रूस. तिथल्या पणतीत तेल माझंच असतं.
लोक म्हणतात, इनास भाविक माणूस.

पाचर फणसाची होती. वीतभर.
क्रुसाच्या फेस्ताआधीची पुनव, झिंग्यांना भाव.
कारणं होती. कारणं झिंग्यांसारखीच,
जाळं लावलं की येतात.
दोन तासांसाठी ठोकली दोन दारांमध्ये.
मग फेणीचा एक पेला, मग दुसरा,
मग झोप.

उजाडलं तेव्हा लुदुविकच्या शेतात
गुडघाभर खारं पाणी.
मीठ सोसणारं कोरगुट, तेही
दुधात आलेलं, जागच्या जागी करपलं.
पाचर मी नदीत फेकली.
ती बुडाली नाही. बराच वेळ
बांधाच्या कडेने माझ्यासोबत चालत राहिली.

गावकार जमले.
कुर्ल्यांनी बांध पोखरला, कुणीतरी म्हणालं.
कुणीतरी म्हणजे मीच.
बांध बघायचं काम लुदुविकचं. ते गेलं.
डिसेंबरात तो बोटीवर चढला,
इंजिनाच्या खोलीत, तेलवाला म्हणून.

तेव्हापासून दरवर्षी उपासाच्या दिवसांत
मी जाळीला तोंड लावून पुटपुटतो:
राग. आळस. दोन रविवार मिसा चुकली.
बायकोला टाकून बोललो.
बारकी मासळी वर, केळीच्या पानावर मांडलेली,
मोठा मासा टोपलीच्या तळाशी.
पाद्री दमलेला असतो. तीन नमो मारिया, म्हणतो.
मी पाच म्हणतो.
वरच्या दोन कशाच्या, हे त्याला ठाऊकच नाही.

देव वरून बघतो, आई सांगायची.
मला वाटतं तो खालून येतो.
उन्हाळ्यात शेत कोरडं पडतं, कुणी तिकडे फिरकत नाही,
आणि एका सकाळी मातीवर पांढरी साय.
कुणी टाकलेलं नसतं ते मीठ.
आतच असतं.

या वर्षी राखेच्या बुधवारी
कपाळ न पुसता लुदुविकच्या सोप्यावर गेलो.
तो भेंडी निवडत होता.
सगळं बोललो, हलक्या आवाजात,
जाळीशी बोलायची सवय ना.
तो म्हणाला, काय?
हात कानाशी नेला. सतरा वर्षं इंजिनाजवळ,
कान तिथेच राहिले.
पुन्हा सांगितलं.
काय?

मग ओरडावं लागलं.
पाचर! मानशीत! मीच! कुर्ल्या नव्हत्या!
शेजारच्या विहिरीवरचा रहाट थांबला.
रस्त्यावरच्या सायकलीने ब्रेक लावला.
आपोलिन दारात आली, हाताला पीठ.
कुजबुज ऐकू येईल असे कान
मीच त्याला ठेवले नव्हते.

लुदुविक हातातल्या भेंडीच्या शिरा
अंगठ्याने चाचपत राहिला. सात असतात आमच्याकडे.
त्याने सगळ्या चाचपल्या.
"कसल्या लाकडाची?"
"फणसाची!"
"फणस पाण्यात फुगतो. सकाळी निघाली कशी?"
"कुऱ्हाडीच्या तुंब्याने! ठोकून!"
त्याने मान हलवली.
क्षमा होती की हिशेब जुळल्याची खूण, कळलं नाही.
आपोलिन आत गेली. कडी वाजली.
मी उभाच. राख घामाबरोबर
डोळ्यात उतरली होती, झोंबत होती.

"भरती लागली असेल," तो म्हणाला,
बहिरी माणसं बोलतात तसं, मोठ्याने, नदीपलीकडे जाईल इतकं.
"जा. दारं बघ."