क्राकोव : चार रात्री, पाच दिवस

सीताबर्डीच्या दुसऱ्या मजल्यावर
मी लोकांचं क्राकोव टाइप करते.
दिवस दुसरा : वावेलचा किल्ला, कापडबाजार,
मिठाची खाण, पायऱ्या फार, गुडघे सांभाळा.
मी गेले नाही. रामटेकपुढं मला बस लागते.

पोराकडून परतलेले निनावेकाका सांगत होते :
"मनोऱ्यावर तासातासाले तुतारी वाजते बाप्पा,
अन् सूर मधातच तुटते.
वाजवणाऱ्याच्या गळ्यात बाण घुसला होता म्हणे.
अजूनही तेवढंच वाजवतात."

मग गप्प.
बत्तीस वर्षं एम्प्रेस मिलमध्ये, मागावर.
भोंगा वाजला नाही त्या सकाळी
डबा भरलेलाच घरी आला होता.

खिशातून पुडी निघाली, खाणीतलं मीठ.
पेरू कापला.
प्रिंटरमधून कुणाचा तरी दिवस तिसरा
सरकत बाहेर येत होता.