एक ते चार

शनिवारी रात्रीच हेरंब नकाशा पसरतो जेवणाच्या टेबलावर,
मिठाची बरणी एका टोकाला, लोणच्याची दुसऱ्या.
फोनमध्ये सगळं असतं, त्याला मान्य आहे,
पण फोनवर बोट ठेवलं की तो लगेच सांगून मोकळा होतो.
कागद गप्प बसतो.

आठवडाभर तो कपडे धुण्याच्या यंत्रांच्या कारखान्यात.
तिथे त्याचा एराम्बो झालाय,
या भाषेत ह लिहितात, उच्चारत नाहीत.
मी म्हटलं, एरंड नाही झालास, नशीब समज.
शाल्मलीला हसू आलं नाही.
ती हल्ली ज्याला हसते
ते मला दुसऱ्यांदा सांगावं लागतं, हळू.

सकाळी निघतो. जुनी फियाट,
मागच्या सीटमधून आधीच्या मालकाच्या कुत्र्याचे केस
अजून निघतातच.
डब्यात धपाटे, थर्मासात चहा,
कारण इथल्या चहाला चहा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.
खालच्या एर्सिलियाबाई खिडकीतून विचारतात, "कुठे?"
आणि उत्तर काहीही दिलं तरी म्हणतात,
"तिकडे काही नाही."

तर आम्ही काही नाही पाहायला निघतो.
नांगरलेल्या टेकड्या, ओली ढेकळं,
ऑलिव्हच्या झाडांखाली जाळ्या, शिडीवर कुणाचे तरी नुसते पाय.
वळणावर एक ओकंबोकं झाड,
पान एक नाही, केशरी फळं मात्र शंभर.
मी म्हणते, थांब.
हेरंब म्हणतो, उतारावर थांबता येत नाही.
लग्नाच्या अकरा वर्षांत हे वाक्य
मी बऱ्याच रस्त्यांवर ऐकलंय.

गावात पोचलो तेव्हा एक वाजून पाच मिनिटं.
बेकरी बंद. बार बंद.
चर्चला लाकडी टेकू, भूकंपापासूनचे.
दारावर पाटी: एक ते चार बंद.
हेरंब मूळचा सदाशिव पेठेतला,
त्याला एवढ्यानेच माहेरी आल्यासारखं झालं.

चौकात एकच माणूस, बाकावर, उन्हाच्या चतकोरात.
नाझारेनो. वय ब्याऐंशी, हे त्याने न विचारता सांगितलं,
मग विचारलं, कुठले?
मी जुळवाजुळव करून उत्तर दिलं, देश, शहर, सगळं.
शाल्मलीने माझं क्रियापद दुरुस्त केलं,
माझ्याकडे न बघता,
जशी एखाद्याची कॉलर सरळ करावी.
तो म्हणाला, ते नव्हे. आज कुठून आलात?
फाब्रियानोहून.
"हां," तो म्हणाला. "म्हणजे परकेच."

धपाटा घेतला, उलटापालटा करून पाहिला, खाल्ला.
मग म्हणाला, मी एकवीस वर्षं बेल्जियमला होतो, कोळशाच्या खाणीत.
रविवारी बायकोपोरीला घेऊन निघायचो.
सपाट मुलूख, डोंगर कुठला?
खाणीतून उपसलेल्या मातीचा ढिगारा होता, काळाकुट्ट,
त्यावर चढायचो. पोरगी सगळ्यांत पुढे.
वर काय होतं? शाल्मलीने विचारलं.
"काही नाही. वारा.
आम्ही तिथे पाव खायचो."
आणि तुमची मुलगी?
ती तिकडेच. फोन करते.
माझं फ्रेंच अजून दुरुस्त करते.

हेरंबने उगाचच चहा ओतला त्याला, माझ्या कपातला.
चार वाजता बार उघडला नाही.
सव्वाचारला उघडला. पैसे त्याने देऊ दिले नाहीत,
वर कोटाच्या खिशातून एक केशरी फळ काढून
शाल्मलीच्या हातात ठेवलं.

परतताना धुकं. तिने तेवढ्यात चावा घेतलाच,
आणि तुरटीने अशी काही तोंड वाकडं करून बसली
की घाट संपेपर्यंत तिघं हसत होतो,
कोणीच कोणाला काही समजावून न सांगता.

खिडकीत एर्सिलियाबाई. म्हणाल्या, कच्चं आहे ते,
सफरचंदाशेजारी ठेवा आठवडाभर.
काय होतं तिकडे, हे त्यांनी विचारलं नाही.

फळ टेबलावर आहे, एका बाजूने दातांच्या खुणा,
मिठाची बरणी हटवून
नकाशाच्या त्या टोकावर.